तुमच्या वयाच्या उणे बाजूला

जन्मतारखेच्या मागे सरका. पहिले आठ महिने न थांबता ओलांडा, वाटेतलं सगळं परत येताना बघायचंच आहे. हं, आता थांबा. गर्भधारणेनंतरचा चोविसावा दिवस. आईची पाळी चुकून दहाएक दिवस झालेत. तिला शंका आहे, पण घरात अजून कुणाजवळ बोललेली नाही. (आपण दिवस आणि आठवडे गर्भधारणेपासून मोजू. दवाखान्याच्या कागदावर ते शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे तिथला आकडा दोन आठवड्यांनी पुढे असतो.)

तुमची लांबी तीनएक मिलिमीटर आहे. प्रवासाच्या सोयीसाठी तुम्ही त्याच्याही शंभरपट लहान झाला आहात आणि स्वतःच्याच पाठीवर उभे आहात. पायाखाली कातडी शोधू नका. आहे तो पेशींचा एकच थर, बाह्यस्तर. त्यातून खालच्या पेशी जवळजवळ दिसतात. समोर, पाठीच्या मध्यावर, एक लांब चर आहे. मधला भाग मिटलाय, डोक्याकडचं आणि शेपटीकडचं टोक अजून उघडं आहे. शेपटी आहे, हो. चार-पाच दिवसांत ही दोन्ही टोकं मिटतील, चराची नळी होऊन आत जाईल आणि तिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडेल. दोन्ही काठांवर उरलेला बाह्यस्तर वरून सलग होईल. त्याची बाह्यत्वचा. मेंदू आणि कातडी ही एका थराची भावंडं आहेत. गेंड्याच्या कातडीविषयी आपण जे सहज बोलून जातो, ते इथे उभं राहून बोलवत नाही.

नळी सुटी होताना काठावरच्या काही पेशी ओळ मोडून निघाल्या, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. चेहऱ्याच्या बाह्यत्वचेखाली जो जाड, चिवट थर येणार आहे, अंतस्त्वचा, तो या पेशी घडवतील. पाठीची अंतस्त्वचा मात्र कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मध्यस्तराच्या ढेपांमधून येईल, आणि पोटाची, हातापायांची आणखी तिसऱ्या ठिकाणाहून. वरून एकसंध वाटणाऱ्या कातडीखाली अशी तीन वेगळी कुळं नांदतात. न्यूरल क्रेस्टमधले काहीजण रंग घेऊन येतील. ते पुढे भेटतील.

सहाव्या आठवड्यात या. पायाखाली आता दोन थर आहेत. खालचा मूळचा, सतत विभागणारा. वरचा नवा आणि चपटा. त्याच्या पेशींना गर्भजलाच्या बाजूनं सूक्ष्म बोटं फुटली आहेत. हे पेरिडर्म. ही तुमची पहिली कातडी आहे आणि ती तुमच्या जन्माला हजर राहणार नाही. गर्भाची त्वचा म्हटलं की आपण मोठ्या माणसाच्या त्वचेची पातळ आवृत्ती डोळ्यांपुढे आणतो. तसं नाही. पेरिडर्म मोठ्या माणसात कुठेच नसतं. ते पाण्यात राहणाऱ्या जिवासाठी आहे.

त्याचं एक काम इथे उभं राहिलं की कळतं. तुम्ही या घडीला दुमडलेले आहात: हनुवटी छातीवर, हात अंगाला लागून, बोटं एकमेकांना खेटून. गर्भाच्या पेशींची वृत्ती अशी की एकमेकींना भिडल्या तर जुळून जायचं. पेरिडर्म मध्ये असतं म्हणून तुम्ही स्वतःला चिकटत नाही. आयआरएफ-6 नावाचं जनुक बिघडलेल्या उंदरांमध्ये हा थर नीट बसत नाही, आणि त्यांचे पाय धडाला व जबडे एकमेकांना चिकटतात. माणसात याच जनुकाच्या बिघाडातून दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा एक आनुवंशिक प्रकार उद्भवतो. दोन जागा जिथे खरंच जुळायला हव्यात, टाळूच्या दोन फळ्या, तिथे पेरिडर्मनं वेळेवर बाजूला व्हावं लागतं. राहणं आणि जाणं, दोन्ही त्याला घड्याळ बघून करावं लागतं.

आठव्या ते अकराव्या आठवड्यात पायाखालची जमीन वर येऊ लागते. तळाच्या पेशी आता आडव्याच नव्हे, उभ्याही विभागतात, आणि पेरिडर्मच्या खाली तिसरा थर भरतो, मग आणखी. हा हुकूम पी63 या प्रथिनाचा. 1999 मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी ते नसलेले उंदीर जन्माला घातले. त्यांच्या अंगावर एकच पापुद्रा होता आणि हवेत आल्यावर ते थोड्याच वेळात कोरडे पडून मेले.

सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान ज्यांनी चाळलंय त्यांना इथे सायीची आठवण होईल. तापणाऱ्या दुधावर साय धरते तसे गर्भावर त्वचेचे थर धरतात, असं तिथे म्हटलं आहे. थर सात: सर्वांत वरची अवभासिनी भाताच्या दाण्याच्या अठराव्या हिश्श्याएवढी, सर्वांत खालची मांसधरा दोन दाण्यांएवढी. चरकाच्या मते थर सहा. आकड्यांवरून आज भांडण्यात अर्थ नाही, आणि सुश्रुताला सगळं आधीच ठाऊक होतं असं सिद्ध करण्यात तर त्याहून नाही. पण कातडी बाहेरून चढवलेलं आवरण नसून आतल्याच द्रव्यातून थराथरानं धरत जाते, हे निरीक्षण सूक्ष्मदर्शकाशिवाय केलेलं आहे. उलटं झालंय ते फक्त दिशेच्या बाबतीत. साय वर जमते. तुमच्या पायाखाली नवी पेशी तळाशी जन्मते आणि जुनीला वर ढकलते. आजही तेच चालू आहे. तळापासून वर येऊन गळून पडायला पेशीला महिनाभर लागतो.

रंगवाले याच सुमारास पोचतात. पाठीच्या कण्यापासून निघालेल्या त्या न्यूरल क्रेस्टच्या पेशी बरगड्यांना वळसा घालत पोटापर्यंत, खांद्यावरून बोटांपर्यंत पसरल्या आहेत आणि बाह्यत्वचेच्या तळाशी एकेक जागा धरून बसल्या आहेत. रंग अजून नाही. मेलॅनिन काही आठवड्यांनी तयार होईल, शेजारच्या पेशींना वाटलं जाणं त्याहूनही नंतर. गोरं बाळ व्हावं म्हणून केशराचं दूध पिणाऱ्या आयांना कुणीतरी सांगायला हवं की गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यानं, आणि तो जनुकांचा हिशेब केशराच्या आवाक्यातला नाही.

कातडी पसरताना पेशींची कुळं ठरावीक वाटांनी सरकतात: पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, पोटाच्या बाजूला नागमोडी, माथ्यावर भोवऱ्यासारख्या. तुमच्या अंगावर या रेषा आहेत, पण आरशात दिसणार नाहीत, कारण सगळी कुळं एकाच रंगाची. 1901 मध्ये बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी तऱ्हेतऱ्हेच्या रुग्णांच्या अंगावरचे पट्टे टिपले तेव्हा तेच नकाशे पुन्हा पुन्हा समोर आले. ते शिरांशी जुळेनात, मज्जातंतूंशीही जुळेनात. जुळणार कसे? ती या आठवड्यांतल्या स्थलांतराची खूण होती. तुम्ही स्त्री असाल तर तुमच्या अंगावर दोन प्रकारच्या पेशींचे पट्टे हमखास आहेत, कारण स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र फार लवकर गप्प केलं जातं, काही कुळांत आईकडचं, काहींत वडिलांकडचं. हे लक्षात ठेवा, सिंधमध्ये लागेल.

आता खाली उतरा, अंतस्त्वचेत. इथे विरळ, ताऱ्यांच्या आकाराच्या पेशी भरपूर ओलाव्यात पसरल्यात. कोलॅजनचे धागे नुकते पडू लागले आहेत. डोक्यावरच्या छताकडे बघा: समान अंतरावर ठिपके उमटताहेत, पेशी दाटीनं जमल्यात आणि खाली घुसताहेत. ही केसांची मुळं. भुवई, वरचा ओठ आणि हनुवटी इथे आधी, मग सगळीकडे. ठिपक्यांमधलं अंतर कोण मोजतं? कुणीच नाही. एक रसायन ठिपका उमटवतं आणि दुसरं आजूबाजूला तशाच दुसऱ्या ठिपक्याला मनाई करतं. दोघांच्या वेगातल्या फरकातून नक्षी आपोआप उठते. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये हे कागदावर मांडलं, त्वचेत ते सापडायला पुढे कित्येक दशकं गेली. जागा ठरवण्यात अंतस्त्वचेचा शब्द चालतो. फ्रान्समध्ये डॅनिएल दुआयी यांनी 1970 च्या दशकात कोंबडीच्या गर्भाच्या अंतस्त्वचेवर उंदराच्या गर्भाची बाह्यत्वचा बसवली, तर उंदराच्या पेशींनी कोंब धरले केसांचे आणि मांडणी केली पिसांची. खालच्या थरानं 'इथे' म्हटलं, वरच्यानं आपल्या वकुबानं काय ते उगवलं.

सगळ्या अंगावर मिळून साधारण 50 लाख मुळं. जन्मानंतर नवं एकही नाही. टक्कल पडलेल्याच्या डोक्यावरही बरीच असतात, खुरटलेली. नखांचं फार सांगण्यासारखं नाही: दहाव्या आठवड्यात सुरू होतात आणि जन्मापूर्वी बोटांच्या टोकाला येऊन पोचतात.

दहाव्या आठवड्यातच मुक्काम करू, कारण बोटांवर काहीतरी घडतंय. प्रत्येक बोटाच्या शेवटच्या पेऱ्यावर सातव्या आठवड्यापासून एक उशी फुगली होती. आता तिची वाढ थांबलीय, बोट वाढतंय, म्हणून ती सपाट होत चाललीय. स्वतःच्या अंगठ्यावर चढून बसा. पायाखाली, बाह्यत्वचेच्या तळाशी, उंचवट्यांच्या रांगा उमटायला लागल्यात. सुरुवात अगदी केसाच्या मुळासारखी होते, पण खालून अंतस्त्वचेची कुमक येत नाही, त्यामुळे केस व्हायचा राहून जातो आणि रांग होते. रांगा तीन ठिकाणांहून लाटेनं येताहेत: उशीच्या मध्यातून, नखाखालच्या टोकाकडून आणि पेऱ्याच्या घडीपासून. तिन्ही लाटा जिथे भिडतात तिथे त्रिकोणी तिठा पडतो. 2023 मध्ये एडिंबरामध्ये डेनिस हेडन यांच्या गटानं हे दाखवलं. ठिपके उमटवणारी रसायनंच इथे रेषा काढतात.

उशी उंच असताना मधली लाट निघाली तर चक्र. उशी बसल्यावर उशिरा निघाली तर साधी कमान. मधल्या सगळ्या शक्यतांतून शंख. म्हणजे हात बघणारे ज्या चक्रांवरून राजयोग सांगतात, ती तुमच्या बोटाच्या सुजेची आणि लाटेच्या वेळेची नोंद आहे, भविष्याची नाही. आणि नेमकी रेष कुठे फुटेल, कुठे तुटेल, हे त्या क्षणीच्या लहानसहान गोष्टींवर ठरतं. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांचेही ठसे म्हणूनच जुळत नाहीत. सतराव्या आठवड्यापर्यंत आराखडा पक्का होतो.

पुढे हा आराखडा तुमच्यापेक्षा जास्त विश्वासार्ह मानला जाणार आहे. 1858 मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा छाप करारावर घेतला, 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं, आणि आज आधारच्या यंत्रावर दहाही बोटं टेकवावी लागतात. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. ठसा तोवर झालेला नसतो म्हणून नव्हे, तो चिमुकल्या बोटावरून नीट उचलता येत नाही म्हणून. उलट टोकाला, आयुष्यभर विटा वाहिलेल्या किंवा ऊस तोडलेल्या हातांचा अंगठा रेशन दुकानात उठत नाही. घासला गेलाय तो वरचा थर. तळाशी रांगा जिथल्या तिथे आहेत, पण यंत्राला तळ दिसत नाही.

तळहात-तळपायांवर घामाच्या ग्रंथी याच रांगांमधून चौथ्या महिन्यात उतरू लागतात. बाकी अंगावर पाचव्यात. विसाव्या आठवड्याच्या पुढे तुमच्या छातीवर, पाठीवर बघा: बाह्यत्वचेतून बारीक दोरे खाली उतरताहेत, त्यांच्या तळाशी गुंडाळी होतेय. अशा वीस ते चाळीस लाख. ही भरती काही आठवडे चालते, मग बंद होते.

बंद होते म्हणजे काय, हे बघायला गर्भाबाहेर पडू. एकोणिसाव्या शतकातला सिंध, तेव्हा मुंबई इलाख्यातला. एका हिंदू कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुष असे आहेत की दोन्ही जबडे मिळून मोजके, दुबळे दात, अंगावर केस अगदी विरळ, लवकर टक्कल, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून हाल. मुलींना यातलं काही होत नाही, मात्र त्यांच्या मुलांत ते परत येतं. वेडरबर्न नावाच्या एका गृहस्थांनी ही हकीकत चार्ल्स डार्विनना कळवली आणि त्यांनी ती पाळीव प्राणी-वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथाच्या 1875 च्या आवृत्तीत घातली. दात, केस आणि घाम यांचा एकमेकांशी काय संबंध, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटेल. तुम्ही आत्ताच आतून आला आहात. तिन्हींची सुरुवात एकच, बाह्यस्तराचा ठिपका खाली घुसतो. तो ठिपका पक्का करणारं इडीए नावाचं प्रथिन त्या पुरुषांत बनत नव्हतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, ते 1996 मध्ये सापडलं. आणि ज्या स्त्रिया ते बिघडलेलं जनुक मुलांना देतात, त्यांच्या पाठीवर आयोडीन आणि स्टार्च लावलं तर घाम येणारे आणि न येणारे पट्टे आळीपाळीनं दिसतात. ब्लाश्कोंच्याच रेषांवर.

जन्मल्यावर हे प्रथिन टोचून पाहिलं गेलं, फारसा उपयोग झाला नाही. भरती संपली होती. मग जर्मनीत एर्लांगेनला होल्म श्नायडर यांच्या गटानं ते गर्भजलातच सोडलं. डॉक्टरांच्या हिशेबाने 26 व्या आणि 31 व्या आठवड्यात जुळ्या भावांना, आणि आणखी एका मुलाला एकदाच. बाळ गर्भजल गिळतं, औषध पोटातून अंगात जातं. 2018 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की तिघांनाही घाम येतो. एवढी साधी गोष्ट, घाम येणं, आणि तिच्यासाठी अख्ख्या आयुष्यात काही आठवड्यांचीच फट उघडी असते. जनुकीय आजारांवरच्या मोठमोठ्या घोषणांपेक्षा मला हा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यानं जनुकाला हात न लावता फक्त वेळ पकडली.

आत परत या. मिटत चाललेली आणखी एक फट दाखवायची आहे. या टप्प्यापर्यंत तुमच्या कातडीला चीर पडली असती तर व्रण न राहता भरली असती. साधारण सहाव्या महिन्यानंतर हे कसब जातं. लहानपणी गुडघ्यावर पडलेला डाग आज अजून तिथे आहे ना? कारणांमध्ये कोलॅजनचा वेगळा प्रकार, हायलुरोनिक आम्लाचा भरपूर ओलावा आणि सौम्य दाह ही जुनी नावं आहेत. 2024 मध्ये मुझलिफा हनीफा यांच्यासोबत काम करणाऱ्या संशोधकांनी जन्मापूर्वीच्या त्वचेचा पेशीगणिक नकाशा प्रसिद्ध केला, त्यात मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी पुढे आल्या. जंतू गिळणं हे त्यांचं ठाऊक असलेलं काम. इथे जंतू नाहीतच, आणि त्या रक्तवाहिन्या वाढवायला आणि व्रणाविना जखम भरून यायला मदत करताहेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेत त्या नसतात, म्हणून तिथे रक्तवाहिन्या नीट धरत नव्हत्या. त्या घातल्यावर धरल्या.

बाविसाव्या ते चोविसाव्या आठवड्यात वरच्या पेशी ठरवून मरायला लागतात. केराटिननं गच्च भरतात, केंद्रक टाकून देतात, चपट्या होऊन एकावर एक बसतात, आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजतात. पाण्यात बसून तुम्ही कोरड्या हवेची तयारी करताय, जिचा तुम्हाला काहीही अनुभव नाही. पेरिडर्मचं काम संपलं. ते तुकड्यातुकड्यांनी सुटून गर्भजलात तरंगतंय. हात लावून बघा, नंतर मिळणार नाही.

या आठवड्यात जे बाळ बाहेर पडतं, त्याच्या अंगावर मृत पेशींचे जेमतेम दोन-तीन थर असतात. कातडी लालसर, ओलसर, पारदर्शक. तिच्यातून पाणी इतक्या वेगानं उडतं की अतिदक्षता विभागात त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि काचेच्या पेटीतली हवा दमट ठेवतात. चिकटपट्टी काढताना कातडीच निघून येईल, ही नर्सची रोजची धास्ती. तरी एक गोष्ट त्या बाळाच्या बाजूनं आहे: हवा लागली की त्वचा घाई करते, पोटात ज्याला कित्येक आठवडे लागले असते ते दोन-चार आठवड्यांत उरकायला बघते.

तुम्ही आतच आहात, सुदैवानं. सातवा महिना. बाहेर डोहाळजेवण चाललंय, आईनं हिरवी साडी नेसलीय, फुलांच्या वाडीचा वास तिला सहन होत नाहीये आणि बायका बर्फी की पेढा यावर पैजा लावताहेत. आत तुमचाही साज पूर्ण आहे. अंगभर मऊ लव, आणि तिला धरून बसलेला पांढरा, चिकट लेप, व्हर्निक्स. तैलग्रंथींचा स्राव, गळलेल्या पेशी आणि बरंचसं पाणी, जवळजवळ 80 टक्के. पाण्यात महिनोन्‌महिने राहून कातडी भिजट होऊ नये म्हणून हा लेप. त्यात जंतूंना मारणारी प्रथिनंही आहेत. शेवटच्या आठवड्यांत लव गळते, लेपाचे कण सुटतात आणि तुम्ही हे सगळं गर्भजलाबरोबर गिळता. जन्मल्यावर पहिल्यांदा लंगोट काळा-हिरवा होईल तेव्हा त्यात तुमचेच केस आणि तुमचीच कातडी असेल.

आणि हवा. थंड, कोरडी, सगळ्या बाजूंनी एकदम. कुणीतरी तुम्हाला आईच्या उघड्या छातीवर ठेवलंय. तिच्या कातडीवरचे जंतू तुमच्यावर वस्तीला यायला लागलेत, तुमच्या त्वचेची आम्लता हळूहळू वाढेल तसे त्यांच्यातले सोयीचे टिकतील. घड्यांमध्ये लेप अजून आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तो घासून काढू नका, पहिली अंघोळ चोवीस तासांनी घाला.

आजी तोवर वाकून बघून झालीय. "अगं, खांद्यावर केवढी लव आहे याच्या! घरी गेल्यावर रोज कणकेचा गोळा फिरवायला हवा." काही आठवड्यांत ती आपोआप जाणार आहे, गोळा फिरवा नाहीतर न फिरवा, आणि तुम्हाला हे पक्कं ठाऊक आहे. पण तुमचं वय आता शून्याच्या पुढे दहा मिनिटं झालंय. तुम्ही फक्त रडू शकता, आणि आजीला वाटतं, भूक लागली.